बांध नव्हता तो

आमच्या घरात मातीच्या बाबतीत चुकीचा शब्द काढायची सोय नव्हती. बाबा रस्तेखात्यात मातीकामाचे मुकादम होते. डंपर कुठे रिकामा करायचा, थर किती जाड पसरायचा, रोलर कुठवर फिरवायचा, सगळं त्यांच्या शिट्टीवर चालायचं. घरी शिट्टी नव्हती, पण जीभ तीच होती. लहानपणी मी दारातल्या वाळूला 'टेकडी' म्हटलं की ते हातातला घास ताटात ठेवून विचारायचे, "कोणी केली टेकडी?"

"डंपरने."

"मग ती टेकडी नाही. टेकडी कोणी करत नाही, ती असते. डंपर टाकतो तो ढीग. घर पडलं, दरड कोसळली की होतो तो ढिगारा. तोही कोणी करत नाही, तो होतो. सरीच्या कडेला ओढतात तो वरंबा. रस्त्याखाली भरतात तो भराव. आणि पाणी अडवायला बांधतात तो बांध. म्हण पुन्हा."

मी पुन्हा म्हणायचे. आई आतून ओरडायची, "पोरीला दोन घास खाऊ द्या, मग काय ते डोंगर पोखरा."

बाकीच्या मुलांचे पाढे पाठ होते, माझं हे पाठ होतं. पुढे मी माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. माती भट्टीत वाळवायची, चाळायची, दाबून बघायची आणि ती किती ओझं सोसेल ते सांगायचं. आत्या म्हणायची, "खाण तशी माती." तिचं बरोबरच होतं. चुकीचा शब्द ऐकला की माझंही डोकं फिरतं, आणि ते कसं फिरतं हे माझ्या हाताखालच्यांना विचारा.

हे सगळं सांगण्याचं कारण इतकंच की असा माणूस एकदा, एकाच शब्दापाशी, गप्प बसला.

नदीच्या काठाने एक जुना रस्ता जातो. बाबांच्या तरुणपणीचं ते पहिलं मोठं काम. जमीन खोलगट होती म्हणून रस्ता उचलून घ्यावा लागला, आणि तो उचलायला दोन पुरुष उंचीचा भराव घातला. मुरूम, आसपासची मिळेल ती माती, पाडलेल्या घरांच्या विटा, जे आलं ते पोटात गेलं. खालून एक मोरी ठेवली, पाणी इकडून तिकडे जायला. पुढे वरच्या अंगाला नवा पूल झाला, नवा रस्ता झाला आणि हा रस्ता ओस पडला. त्याच्या पलीकडे नदी, अलीकडे सखल जमीन. सखल जमिनीवर हळूहळू घरं उठली. बाबांचंही तिथेच झालं.

एका वर्षी मोठा पूर आला. पाणी जुन्या रस्त्याला टेकून दिवसभर उभं राहिलं आणि उतरलं. घरांमध्ये आलं ते फक्त मोरीतून, गुडघाभर. पुढच्या वर्षी लोक बाबांकडे आले. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते, आई जाऊन थोडेच दिवस झाले होते, घर खायला उठायचं. लोक म्हणाले, मुकादमकाका, एवढी मोरी बुजवून द्या. बाबांनी शिट्टी शोधून काढली. मातीची पोती भरली, मोरीत ठासून बसवली, वरून माती चोपली. त्या वर्षी पाणी आलं नाही. त्या दिवसापासून तो रस्ता राहिला नाही, भरावही राहिला नाही. तो 'मुकादमांचा बांध' झाला.

माझ्यासमोर तो शब्द पहिल्यांदा उच्चारला गल्लीतल्या टेलरने. आम्ही जेवत होतो, तो दारातून डोकावून म्हणाला, "काका, तुमच्या बांधाने वाचवलं हो!" मी घास हातात धरून वाट पाहिली. आता ताट बाजूला सरकणार, आता टेलरची शिकवणी सुरू होणार. बाबा नुसते हसले. टेलर गेल्यावर मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाले, "अगं, लोकांची जीभ आहे. कुठे कुठे हात लावणार?"

आता कोणी म्हणेल, बांध काय आणि भराव काय, उंच केलेली मातीच ना? नाही. फरक पोटात असतो. भरावावर ओझं वरून येतं, गाड्यांचं. ते सोसायला तो केलेला असतो. बांधाला पाणी कुशीतून रेटतं, रात्रंदिवस. म्हणून बांध घालताना आधी जमिनीत चर खणतात, पोटात चिकणमातीचा गाभा दाबून भरतात, पाण्याच्या अंगाला दगड लावतात. भरावाला यातलं काही नसतं. पाणी त्याच्या अंगाला लागून पुढे निघून गेलं तर एक वेळ चालतं, टेकून राहिलं की ते आत शिरायला वाट शोधतं. मोरी त्यासाठीच ठेवतात, पाणी दोन्ही अंगांना सारखं राहावं म्हणून. ती बुजवायची म्हणजे हमालाला उचलून पाण्यात टाकायचं आणि पोह म्हणायचं. हमाल दणकट असतो, हे कबूल. पण म्हणून त्याला पोहता येतं असं नाही.

हे मला कोणी शिकवलं? बाबांनीच.

पावसाळा सरला की पोती काढून मोरी मोकळी करायचे, आणि दर वर्षी नदी चढायच्या आधी ती पुन्हा बुजवायचा दिवस ठरायचा. सगळी वस्ती फावडी घेऊन यायची. बाबांना खुर्ची मिळायची. ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे, उगाच दोनदा शिट्टी फुंकायचे. त्या दिवसापुरते ते पुन्हा मुकादम असायचे. बाकी वर्षभर ते त्या दिवसाची वाट पाहत जगायचे, हे मला दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच मी पहिली काही वर्षं तोंड शिवून बसले.

तो शर्ट इस्त्री करून द्यायची ती आत्या. बाबांची धाकटी बहीण. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात तिचं सगळं आयुष्य चादरींना इस्त्री करण्यात गेलं होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर ती माझ्या शेजारी खोली घेणार होती, वर टेकडीवर. ही टेकडी खरी आहे, कोणी केलेली नाही. सगळं ठरलं होतं. बाबा म्हणाले, "ती टेकडी चढून चढून तुझे गुडघे जातील. माझ्या बांधाच्या कुशीत ये." आत्या आयुष्यभर दादाच्या शब्दाबाहेर गेली नव्हती, ती आली. रांगेतलं पहिलं घर. मागच्या दारातून हात लांब केला की भरावाची माती हाताला लागायची.

मी गेले की ती मला चिडवायची. "आल्या टेकडीवरच्या बाईसाहेब! बसा. आमच्या खालच्या लोकांचा चहा चालेल ना?"

मी तिला सांगायचे की मागे बांध नाही, भराव आहे. ती म्हणायची, "तू आणि तुझा बाप! एकाने कांदे सोलावेत हाताने, दुसऱ्याने नाकाने." आणि मग गंभीर होऊन म्हणायची, "दादाने सांगू दे. दादा म्हणाला तर ह्या पावली उठते."

मी बाबांकडे गेले. एकदा नाही, कितीतरी वेळा. मला वाटलं होतं ते वाद घालतील. त्यांनी वाद घातला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"मला सांगतेस? मीच भरलाय तो. कुठे विटा आहेत आणि कुठे झाडांची खोडं आहेत, ते झोपेतसुद्धा सांगेन."

"मग लोकांना सांगा."

"सांगून? जातील कुठे?"

"ते नंतर बघू. निदान आत्याला सांगा."

"तिला कुठल्या तोंडाने सांगू? मीच आणलंय तिला."

या बोलण्यापुढे प्रत्येक वेळी भिंत लागायची. मग मी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. पूरखात्यातला अधिकारी सज्जन होता, चहा पाजला आणि म्हणाला, "ताई, आमच्याकडे तो बांध नाहीच. आमच्याकडे तो भराव आहे. भराव आमच्यात येत नाही." रस्तेखात्यात गेले तर म्हणाले, भराव खरा, पण वर रस्ता कुठे आहे आता? म्हणजे सबंध गावात योग्य शब्द ठाऊक असलेली माणसं होती ती अशी, आणि त्या शब्दाचा उपयोग ते हात झटकायला करत होते. मला हसावं की रडावं कळेना. मी घरी येऊन भांडी आपटली.

त्या वर्षी नदी चढली ती उतरेचना. पाणी कित्येक दिवस भरावाला टेकून उभं होतं. मी रजा टाकून सकाळीच खाली गेले. आत्या मागच्या दारी भांडी घासत होती. कपडे धुवायच्या दगडाशेजारी जमिनीतून पाणी वर येत होतं, हाताच्या पंजाएवढ्या जागेत. त्याचा रंग दूध घातलेल्या चहासारखा.

"हे कधीपासून?"

"कालपासून. काल अगदी स्वच्छ होतं गं, मी त्यात पातेलं विसळलं. आज गढूळ झालंय."

स्वच्छ पाणी झिरपलं तर नुसतं पाणी येत असतं. गढूळ आलं म्हणजे आतली माती निघून चालली. भराव आतून पोकळ होत होता, आणि त्यातून निघालेली माती माझ्या आत्याच्या सांडपाण्याच्या गटारात वाहून जात होती.

मी तिला म्हटलं, आत्ताच्या आत्ता निघ. माझा चेहरा बघून या वेळी तिने चेष्टा केली नाही. पिशवी काढली, तीत चार कपडे घातले, औषधं घातली, नवऱ्याचा फोटो घातला. मग इस्त्री उचलून पिशवीत कोंबली.

"आत्या, इस्त्री कशाला?"

"तुझ्याकडची इस्त्री म्हणजे नुसती नावाला." पिशवीची गाठ मारून ती खुर्चीवर बसली. "जा, दादाला बोलाव. त्याला न विचारता गेले तर त्याला वाईट वाटेल. त्याने एकदा हो म्हटलं की चल."

बाबा आले. त्यांच्यामागून टेलर आला, टेलरच्या मागून सगळी रांग आली, कारण मुकादम बांधाकडे निघाले की लोक मागे यायचेच. बाबा गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले. त्या पाण्यातली माती दोन बोटांत चोळली. मग कणभर दातांखाली धरली. हे त्यांचं जुनं, रेती किती आणि गाळ किती ते दातांना कळतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. बापाच्या डोळ्यांत इतकी भीती मी कधी पाहिली नव्हती, आई गेली तेव्हासुद्धा नाही.

टेलर म्हणाला, "काय काका? बांध धरेल ना?"

सगळे थांबले. मला वाटलं, आता. एक शब्द बोलायचा होता. भराव. तेवढं त्यांच्या तोंडून आलं असतं तर टेलरने शिलाईयंत्रसुद्धा न उचलता बायकोला घेऊन वाट धरली असती, इतका त्यांच्या शब्दावर विश्वास होता. पण तो शब्द म्हणजे, इतकी वर्षं मी तुम्हाला खोट्यावर झोपवलं. तो शब्द म्हणजे, खुर्ची गेली, शिट्टी गेली. आणि बहीण समोर पिशवी घेऊन बसलेली.

बाबांनी हात पँटला पुसला. "झिरपतंय थोडं. झिरपायचंच. बांध आहे, भिंत नाही."

"तो बांध नाही!" मी ओरडले. "भराव आहे तो. पोकळ झालाय. निघा सगळे इथून."

लोकांनी माझ्याकडे नाही, बाबांकडे पाहिलं. बाबा हसले. ते हसू मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाले, "आमच्या बाईसाहेब डबीतली माती तपासतात." लोकही हसले, सुटल्यासारखे. घाबरलेल्या माणसाला हसायला निमित्त मिळालं की तो सोडत नाही.

आत्या मात्र हसली नाही. "दादा, पिशवी भरलीय. जाऊ का हिच्याबरोबर?"

"कशाला? मी आहे ना."

आत्याने माझ्याकडे बघून खांदे उडवले, पिशवीची गाठ सोडली आणि इस्त्री काढून परत टेबलावर ठेवली. "चहा टाकते," म्हणाली.

मी तिचा हात धरून ओढायला हवं होतं, असं लोक आता म्हणतात. ओढला होता. तिने तो सोडवून घेतला. मग मी रागाने निघाले, पालिकेत जाऊन गाडी आणि पोलीस घेऊनच येते म्हणून. जाताना बाबांशी एक शब्द बोलले नाही.

पुढचं मला टेलरने सांगितलं. मी गेल्यावर बाबा मोरीकडे निघाले, बांधाची पाहणी करायला म्हणून. सगळी रांग त्यांच्या मागे. मोरी दुसऱ्या टोकाला, बरीच लांब. तिथे पोचल्यावर ते काही न बोलता वाकले आणि पोती उपसायला लागले. या वयात, हातांनी. मोरी मोकळी झाली असती तर घरात गुडघाभर पाणी शिरलं असतं, पण भरावावरचा भार उतरायला लागला असता. बोलायचं नाही, पण होईल ते निस्तरायचं, असं त्यांनी मनात धरलं असावं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं. दोघातिघांनी त्यांना धरून बाजूला बसवलं. टेलर म्हणाला, "काका, तुम्हीच म्हणालात ना बांध मजबूत आहे? मग पाणी कशाला आत घेताय?" बाबा पुन्हा पोत्यांकडे हात लांबवायला लागले. टेलरला द्यायचं उत्तर एकच होतं.

तेवढ्यात तिकडे भराव बसला. मोठा आवाजही झाला नाही म्हणे. बांध फुटतो, भराव खचतो. रांगेच्या पहिल्या टोकाला तो पोटातून खाली बसला आणि ओल्या चिखलासकट घरांवर उतरला. रांगेतले सगळे बाबांच्या मागे मोरीपाशी होते, म्हणून वाचले. घरात आत्या एकटीच होती, कारण दादाने तिला थांब म्हटलं होतं.

पाणी ओसरल्यावर खणायला सुरुवात झाली. इस्त्री आधी सापडली, आत्या नंतर. तिच्या अंगावरची माती मी माझ्या हातांनी पुसली. मुरूम, गाळ, विटेचे तुकडे. कामावर असते तसं मी मनातल्या मनात नोंदवत गेले, कारण दुसरं काही मनात आलं असतं तर मी तिथेच कोसळले असते. बाबा शेजारी उभे होते.

"ढिगारा होतो, कोणी करत नाही, असं मी शिकवलं होतं तुला," ते म्हणाले.

"हो."

"करतात."

मी त्यांना जवळ घेतलं नाही. घ्यावंसं वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही.

वस्तीला शाळेच्या सभागृहात हलवलं. तिथे बाबांना जणू कंठ फुटला. प्रत्येक गादीपाशी जाऊन ते सांगायला लागले, "तो बांध नव्हता. भराव होता. मला माहीत होतं." लोक त्यांना हाताला धरून बसवायचे. पाणी द्यायचे. टेलरची बायको रडत म्हणाली, "काका, असं मनाला लावून घेऊ नका. तुमची सख्खी बहीण गेली, तरी तुम्ही स्वतःला दोष देताय. तुमच्या बांधाने इतकी वर्षं तारलं आम्हाला."

"भराव," बाबा म्हणाले.

"तेच ते, काका."

ते माझ्याकडे वळले. "तू सांग ना यांना. तू शिकलेली आहेस."

मी सांगितलं. उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, चर, गाभा, मोरी, सगळं सांगितलं. टेलरने मला बसायला खुर्ची दिली. म्हणाला, "ताई, तुम्ही थोडं झोपून घ्या. आत्या गेली तुमची, डोकं ठिकाणावर कसं राहील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ती फावडी घेऊन खाली गेली. नदी पुन्हा चढणार अशी बातमी होती. खचलेल्या जागी पडलेल्या घरांच्या विटा, चिखल, दारं, गाद्या, हाताला येईल ते टाकणं चालू होतं. आत्याच्या घराच्या विटाही त्यात गेल्या. बाबांसाठी कोणीतरी आठवणीने खुर्ची आणून ठेवली होती. बाबा खुर्चीवर बसले नाहीत. मोरीपाशी जाऊन आडवे उभे राहिले आणि जेवढा आवाज उरला होता तेवढ्या आवाजात ओरडायला लागले, "मोरी मोकळी ठेवा! हा बांध नाही! मोरी मोकळी ठेवा!"

"हो काका, हो," म्हणत टेलरने त्यांना खांद्याला धरून हळूच बाजूला केलं, मागच्या माणसाकडून पोतं घेतलं आणि मोरीच्या तोंडात ठासून बसवलं. मग वळून म्हणाला, "काकांना कोणी तरी सावलीत बसवा रे."